डाउनलोड न करता वेबवरच्या फाईलचा साइज स्क्रिप्टनं कसा काढायचा?

जिंतूर_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. जिंतूरला आमची छोटी अभ्यासिका आहे, पोरं-पोरी तलाठी, पोलीस भरती, एमपीएससीच्या तयारीला येतात. तिथल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर (लिनक्स मिंट टाकलंय) आपल्या मराठवाड्याबद्दलचं जे जे फुकट अन् खात्रीचं वेबवर आहे ते गोळा करून ठेवायलोय, म्हणजे नेट नसलं तरी पोरांना उघडून वाचता यावं. परभणी जिल्ह्याचं १९६७ चं गॅझेटियर, बीडचं १९६९ चं, २०११ च्या जनगणनेची आठही जिल्ह्यांची हँडबुकं (प्रत्येकाचे दोन-दोन भाग), बालभारतीची पुस्तकं, शिवाय जुन्या स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या लिंका, असं सगळं मिळून चारशेच्या आसपास लिंका एका टेक्स्ट फाईलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवल्यात.

अडचण अशी की इथं नेट म्हणजे माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट. रोजचा डेटा ठरलेला, तो संपला की स्पीड एवढी पडते की साधं पान उघडंना. अन् स्कॅन केलेलं पुस्तक पाच एमबीचं आहे का पाचशे एमबीचं ते नुसती लिंक बघून कळतच नाही, अर्धी फाईल उतरली की डेटा संपला असं होतंय.

मला पाहिजे असं की स्क्रिप्टला लिंकांची फाईल दिली की प्रत्येक लिंकपुढं साइज यावा अन् खाली टोटल यावी, पण फाईल न उतरवता. ब्राउझरमध्ये डाउनलोड दाबल्याबरोबर इतक्यापैकी इतके एमबी असं दाखवतंय, म्हणजे ती माहिती आधीच कुठून तरी येत असणार ना, तेवढीच कशी घ्यायची? मोठ्या फायली परभणीला भाच्याकडं ब्रॉडबँड आहे तिथं उतरवून पेनड्राइव्हवर आणीन, बारक्या इथंच उतरवीन. बॅश थोडं येतं, पायथन वाचलं तर कळतं पण लिहायला जड जातं.

मांजराकाठ (लातूर)

भाऊ अंदाज बरोबर आहे तुमचा. सर्वर फाईल पाठवायच्या आधी हेडर पाठवतो, त्यात कंटेंट-लेंग्थ नावाची एक ओळ असते, तिच्यात बाइटमध्ये साइज असतो. ब्राउझर तीच वाचून दाखवतो. अन् नुसते हेडर मागायची सोय एचटीटीपीमध्ये पहिल्यापासून आहे, तिला हेड रिक्वेस्ट म्हणतात, १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या कागदात गेट (फाईल मागायची रिक्वेस्ट) अन् पोस्ट (माहिती पाठवायची) यांच्या जोडीला हेड आहेच. मोंढ्यात पोत्याला लावलेली चिठ्ठी वाचावी अन् पोत्याला हात लावू नये तसं समजा.

मोबाईलवरून लिहायलोय म्हणून कमांड शब्दांत सांगतो. कर्लला (टर्मिनलमधून लिंक मागायची कमांड) तीन ऑप्शन द्या, कॅपिटल आय म्हणजे हेड रिक्वेस्ट कर, कॅपिटल एल म्हणजे सर्वरनं दुसरीकडं पाठवलं तर तिकडं जा, स्मॉल एस म्हणजे प्रोग्रेस दाखवू नको. पुढं लिंक, डबल कोटमध्येच, कारण लिंकेत अँडचं चिन्ह असलं की बॅश तिथंच कमांड तोडतो. जे येईल त्यातून ग्रेपनं कंटेंट-लेंग्थची ओळ काढा, ग्रेपला स्मॉल आय द्यायचं विसरू नका, एचटीटीपी २ वाल्या सर्वरकडून हेडरची नावं सगळी स्मॉल अक्षरांत येतात अन् जुन्याकडून कॅपिटलनं सुरू होतात.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, यात भले भले अडकतात. एक म्हणजे हेडरच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न असतो, डोळ्याला दिसत नाही पण आकड्याला चिकटून येतो, अन् मग बॅशमध्ये बेरीज करायला गेलं की सिंटॅक्स एरर. टीआर कमांडनं तो काढून टाका. लिंकांची फाईल विंडोजच्या नोटपॅडमध्ये केली असेल तर तिच्यातही तोच निघतो, मग लिंक बरोबर असूनही ४०४ (पान सापडलं नाही) येतं अन् माणूस तासभर लिंकच तपासत बसतो.

दुसरी म्हणजे रिडायरेक्ट. कॅपिटल एल दिल्यावर कर्ल वाटेतल्या सगळ्या उत्तरांचे हेडर छापतो, म्हणजे कंटेंट-लेंग्थ दोनदा-तीनदा येऊ शकते. बरेच जण सांगतात शेवटची ओळ घ्या, पण खऱ्या फाईलच्या उत्तरात कंटेंट-लेंग्थ नसलीच तर शेवटची ओळ ही रिडायरेक्टच्या पानाची पडते, अन् तीनशे एमबीच्या पुस्तकापुढं दीडशे-पावणेदोनशे बाइट लिहून येतं. कर्ल ७.८४ किंवा त्याच्या पुढचा असेल तर त्याच्या राइट-आउट ऑप्शनमध्ये हेडरचं नाव देता येतं, तो फक्त शेवटच्या उत्तरातलाच हेडर देतो, हे सगळ्यात सरळ. त्यातच स्टेटस कोड पण छापून घ्या, २०० (म्हणजे सगळं ठीक) नसेल तर तो आकडा टोटलमध्ये धरूच नका.

गोदाकाठची (नांदेड)

मांजराकाठ दादांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण चारशे लिंका, टोटल, वर एरर सांभाळायचे म्हटल्यावर मी तर पायथनच वापरीन. रिक्वेस्ट्स लायब्ररी घ्या. तिच्यात लक्षात ठेवायचं की गेट करताना ती रिडायरेक्टच्या मागं आपोआप जाते पण हेड करताना जात नाही, अलाऊ-रिडायरेक्ट्स ट्रू असं स्वतः लिहावं लागतं. ते लिहिलं नाही तर निम्म्या लिंकांपुढं ३०१-३०२ (म्हणजे दुसरीकडं जा) दिसतील.

मग ॲक्सेप्ट-एन्कोडिंग हेडर आयडेंटिटी असा पाठवा. कारण सांगते. रिक्वेस्ट्स आपण काही न सांगताच सर्वरला म्हणते की मला जीझिप केलेलं चालेल. मग सर्वर सीएसव्ही, एचटीएमएल, टेक्स्ट असल्या फायली दाबून पाठवतो, अन् तेव्हा कंटेंट-लेंग्थ एकतर दाबलेल्या मालाची येते नाहीतर येतच नाही. पीडीएफ अन् जेपीईजी आतून आधीच दाबलेले असतात म्हणून तिथं सहसा फरक पडत नाही, पण जनगणनेचे तक्ते सीएसव्हीमध्ये घेतले असतील तर फरक मोठा पडतो. आता तुम्हाला डेटा वाचवायचा आहे का डिस्कवर जागा किती लागेल ते बघायचंय यावर कोणता आकडा पाहिजे ते ठरतं, दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच आहेत.

टाइमआउट द्याच, दहा-पंधरा सेकंद. नसता एखादा मेलेला सर्वर उत्तरच देत नाही अन् स्क्रिप्ट रात्रभर तिथंच उभी राहते. अन् सेशन ऑब्जेक्ट करून सगळ्या रिक्वेस्ट त्यातूनच पाठवा. एका हेडच्या उत्तराला जेमतेम केबीभर डेटा लागतो, पण प्रत्येक वेळी नवीन एचटीटीपीएस जोडणी करायची म्हटलं की सर्टिफिकेटची देवाणघेवाण त्याच्या कितीतरी पट जाते. सेशन असलं तर एकाच सर्वरच्या पुढच्या लिंका त्याच जोडणीवरून जातात, हॉटस्पॉटवर हे जाणवतं.

अन् हे कळकळीनं सांगते, हेडर आला नाही तर शून्य लिहू नका. नन (पायथनमध्ये म्हणजे काहीच नाही) ठेवा, वेगळ्या यादीत टाका. शून्य लिहिलं की टोटल कमी दिसते, माणूस त्या भरवशावर डाउनलोड लावतो, अन् ज्या फायलींचा साइज कळला नव्हता नेमक्या त्याच मोठ्या निघतात.

जिंतूर_अभ्यासिका

दादा, ताई, लई उपकार झाले. भाच्याला फोनवर घेऊन पायथनची स्क्रिप्ट बसवली, चालायली. बहुतेक लिंकांचा साइज आला. पण तीन प्रकारचा घोळ राहिलाय.

काही लिंकांना कंटेंट-लेंग्थच नाही, २०० येतंय पण आकडा नाही. काही ठिकाणी ४०५ येतंय, त्याच लिंका ब्राउझरमध्ये मात्र बिनधास्त उघडायल्यात. अन् एकाच साइटवरच्या वीस-पंचवीस पीडीएफ आहेत त्या सगळ्यांचा साइज अगदी एकसारखा, शेवटच्या बाइटपर्यंत, असं कसं होईल, पुस्तकं तर वेगवेगळी आहेत.

मांजराकाठ (लातूर)

तिसऱ्याचं आधी सांगतो, त्या पीडीएफ नाहीतच. लिंक हलली असेल किंवा लॉगिन लागत असेल, सर्वर प्रत्येक लिंकेला तेच एक पान देतोय अन् वरून २०० म्हणतोय, खरं तर ४०४ किंवा ४०३ (परवानगी नाही) द्यायला पाहिजे होतं पण बऱ्याच साइटा देत नाहीत. कंटेंट-टाइप हेडर बघा, टेक्स्ट-एचटीएमएल असेल तर पीडीएफ नाही, यादीतून बाजूला काढा. हा चेक स्क्रिप्टमध्येच घाला, साइजइतकाच तो पण महत्त्वाचा आहे.

४०५ म्हणजे त्या सर्वरनं हेड बंद ठेवलीय, फक्त गेट चालते. त्याच्यावर इलाज आहे, गोदाकाठ ताई नीट सांगतील.

गोदाकाठची (नांदेड)

हो, रेंज वापरायची. गेट रिक्वेस्ट पाठवायची पण रेंज हेडरमध्ये सांगायचं की मला शून्य ते शून्य बाइट द्या, म्हणजे पहिला एकच बाइट. सर्वरला रेंज कळत असेल तर २०० न देता २०६ येतं, अन् कंटेंट-रेंज नावाचा हेडर येतो, त्यात बाइट्स ०-०, मग तिरकी रेघ, अन् रेघेच्या पुढं अख्ख्या फाईलचा साइज. तुम्हाला पाहिजे तो आकडा हाच. इथं कंटेंट-लेंग्थ वाचू नका हं, ती एकच येईल, कारण खरोखर एकच बाइट आलाय. रेघेपुढं आकड्याच्या जागी फुली म्हणजे तारा आला तर सर्वरलाच एकूण साइज माहीत नाही असा अर्थ.

आता यातली खरी जोखीम. सर्वरला रेंज कळत नसेल तर तो तक्रार करत नाही, रेंज सोडून देतो अन् २०० देऊन पूर्ण फाईल पाठवायला लागतो. तुमच्यासारख्याच्या हॉटस्पॉटवर हे परवडणारं नाही. म्हणून रिक्वेस्ट्समध्ये स्ट्रीम ट्रू द्या, म्हणजे हेडर आले की ती थांबते, मजकूर आपण मागेपर्यंत वाचत नाही. स्टेटस बघा, २०६ असेल तर कंटेंट-रेंज घ्या, २०० असेल तर कंटेंट-लेंग्थ आहे का बघा, अन् दोन्हीकडं लगेच क्लोज करा. क्लोज करेपर्यंत थोडा डेटा येऊन पडतोच बफरमध्ये, काही केबी, तेवढा सोसावा लागेल.

एवढं करूनही आकडा मिळत नसेल तर सर्वर फाईल जागेवर तयार करून तुकड्या-तुकड्यानं पाठवतोय, ट्रान्सफर-एन्कोडिंग चंक्ड असा हेडर दिसेल. तिथं सुरू करताना सर्वरलाही माहीत नसतं शेवट कुठं आहे. त्याचा साइज पूर्ण उतरवल्याशिवाय कोणत्याच स्क्रिप्टनं निघत नाही, त्या लिंका सरळ परभणीच्या यादीत टाका.

क्रम असा ठेवा की आधी हेड, तिनं काम झालं नाही तरच रेंजवाली गेट. उलटं करू नका, हेडमध्ये मजकूर येण्याचा प्रश्नच नसतो म्हणून ती जास्त सुरक्षित.

किनवटचे_मास्तर

मंडळी, विषय चाललाच आहे तर माझं पण विचारतो. आमच्या शाळेच्या साइटवर पालकांसाठी पीडीएफच्या लिंका दिल्यात, स्वाध्याय, वेळापत्रकं, काही बाहेरच्या साइटवरच्या पण आहेत. वाड्या-तांड्यांवर रेंज कमी, लोकांचे पॅक बारके, म्हणून प्रत्येक लिंकेपुढं इतके एमबी असं आपोआप यावं असं वाटतंय. साइट पीएचपीत आहे, होस्टिंग साधंच. फाईलसाइज फंक्शन वापरून पाहिलं तर बाहेरच्या लिंकेला वॉर्निंग देतंय.

बालाघाट (बीड)

मास्तर, काम लई चांगलं करायलात. पालकाला आधी कळलं पाहिजे की दाबलं तर किती डेटा जाणार, हे मोठमोठ्या साइटा पण लिहीत नाहीत.

फाईलसाइज हे फंक्शन आपल्या स्वतःच्या डिस्कवरच्या फायलीसाठी आहे, एचटीटीपीच्या लिंकेला ते चालत नाही, वॉर्निंग येणारच. तुमच्या सर्वरवरच्या पीडीएफला ते लिंक न देता फाईलचा पाथ देऊन वापरा, तिथं रिक्वेस्टची गरजच नाही.

बाहेरच्या लिंकांना पीएचपीचं कर्ल घ्या. नोबडी ट्रू केलं की ते हेड पाठवतं, फॉलो-लोकेशन ट्रू करा, टाइमआउट द्या, अन् चालवून झाल्यावर गेट-इन्फोमधून कंटेंट-लेंग्थ-डाउनलोड विचारा. उणे एक आलं तर सर्वरनं साइज सांगितलेला नाही, तिथं पानावर काहीच छापू नका, उणे एक बाइट असं दिसलेल्या साइटा पाहिल्यात मी. गेट-हेडर्स फंक्शन पण आहे, सोपं आहे, पण ते आपण काही न सांगितल्यास हेड न पाठवता गेट पाठवतं, अन् वाटेत रिडायरेक्ट असला तर कंटेंट-लेंग्थच्या जागी एका आकड्याऐवजी ॲरे येऊ शकतो, मग त्याच्यावर भागाकार करायला गेलं की पान फुटतं.

सगळ्यात महत्त्वाचं, पान उघडल्यावर दर वेळी बाहेर विचारायला जाऊ नका. पंधरा लिंका असल्या अन् त्यातला एक सर्वर झोपलेला असला तर तुमचं पान त्याच्यासाठी थांबणार, अन् ज्या पालकाची रेंज कमी म्हणून हे करायलात त्यालाच पान उशिरा दिसणार. रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालवायची सोय) स्क्रिप्ट चालवा, साइज काढून एका फाईलमध्ये लिहून ठेवा, पानानं ती फाईल वाचावी, बस.

एमबीत दाखवताना एक कोणतं तरी माप धरा. ५,२४,२८,८०० बाइटची फाईल १०२४ च्या हिशेबानं बरोबर ५० एमबी होते, विंडोज तेच दाखवतं, अन् १००० च्या हिशेबानं ५२.४ होते. पालकांसाठी जरा वरचा आकडा दाखवलेला बरा, पॅक संपायच्या बाबतीत माणसाला कमी सांगण्यापेक्षा थोडं जास्त सांगितलेलं केव्हाही चांगलं.

औंढ्याचा_वाचक

जिंतूरवाल्या भाऊसाठी. जुनी स्कॅन पुस्तकं म्हणालात तर त्यातल्या बऱ्याच लिंका इंटरनेट आर्काइव्हच्या असणार. तिथं एकेका फाईलला हेड पाठवायची गरज नाही. त्यांच्या पत्त्यात डाउनलोड हा शब्द असतो अन् त्याच्या पुढं पुस्तकाची ओळख असते, डाउनलोडच्या जागी मेटाडेटा लिहा अन् ओळखीपर्यंतचाच पत्ता ठेवा, पुढचं फाईलचं नाव काढून टाका. त्या पुस्तकाच्या सगळ्या फायलींची यादी जेसनमध्ये येते, प्रत्येकीचा साइज बाइटमध्ये, वर एमडी५ चेकसम (फाईल जशीच्या तशी आली का ते ताडायची खूण) पण. एका रिक्वेस्टमध्ये सगळं. तिथली डाउनलोडची लिंक दुसऱ्या सर्वरवर रिडायरेक्ट होते, म्हणूनच अलाऊ-रिडायरेक्ट्स न देता ३०२ दिसत असणार.

याचा अजून एक फायदा, त्याच पुस्तकाच्या बऱ्याचदा दोन-तीन पीडीएफ असतात, शिवाय नुसत्या मजकुराची टेक्स्ट फाईल असते ती अगदी बारकी. अभ्यासाला जिथं नकाशे-चित्रं नकोत तिथं टेक्स्टवर भागतं का ते आधी बघा. देवनागरीचं ओसीआर (स्कॅनवरून मजकूर ओळखणं) जुन्या छपाईवर डळमळीत असतं, इंग्रजी गॅझेटियरचं बरंच वाचण्यासारखं निघतं.

चेकसमचा उपयोग पण करून घ्या. परभणीहून पेनड्राइव्हवर आणलं की जुळवून बघा, साइज बरोबर असूनही आत फाईल बिघडलेली असू शकते.

अन् विनंती एक, स्क्रिप्टमध्ये दोन रिक्वेस्टच्या मधी सेकंदभर थांबा. चारशेला सात-आठ मिनिटं लागतील, लागू द्या. सरकारी साइटा काय अन् हे आर्काइव्ह काय, एकदम धडाधड विचारायला लागलं की आयपी (नेटवरचा आपला पत्ता) ब्लॉक होतो किंवा ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) यायला लागतं, अन् मोबाईलच्या नेटवर एकाच आयपीमागं शेकडो लोक असतात, त्यांचं पण बंद पडतं.

जिंतूर_अभ्यासिका

औंढ्याचे भाऊ, तुम्ही तर शेजारीच निघाले. मेटाडेटावालं करून पाहिलं, मस्त चालतंय. आता जवळपास सगळ्या लिंकांचा साइज हातात आहे, टोटल अकरा जीबीच्या पुढं गेली अन् त्यातली निम्मी थोड्याशा स्कॅन पुस्तकांनीच खाल्लीय. जनगणनेची हँडबुकं अन् बालभारतीची पुस्तकं इथंच रोज थोडी थोडी उतरवतो. स्क्रिप्टला यादी साइजप्रमाणं लावून त्या दिवशी उरलेल्या डेटात बसतील तेवढ्याच लिंका वेगळ्या काढायला सांगितलंय.

आता पुढचं. इकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, दोनशे एमबीची फाईल दीडशेवर तुटली तर पहिल्यापासून करावी लागेल का?

मांजराकाठ (लातूर)

सर्वरला रेंज कळत असेल तर नाही. डब्ल्यूगेटला स्मॉल सी ऑप्शन द्या, अर्धी फाईल जिथं तुटली तिथूनच पुढं मागतो. तुम्ही साइज काढताना ज्या लिंकांना २०६ आलं त्या सगळ्या अशा चालतील. बाकीच्यांच्या हेडरमध्ये ॲक्सेप्ट-रेंजेस बाइट्स असं आहे का बघा, स्क्रिप्टच्या यादीत त्याचा अजून एक कॉलम वाढवा. ज्या लिंकेला ते नाही ती दोनशे एमबीची असली तरी इथं लावूच नका, ती तुटली की सगळा डेटा वाया.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्याच्यावर बसत नाही, जागा मोकळी असली तरी. एक्सफॅट करून घ्या परभणीला जायच्या आधी.